स्प्रे मारून काळ्या केलेल्या लाइटा: दिसत नाहीत, सोलतात, आत पाणी धरतात. काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

सिग्नलला शेजारी एक गाडी येऊन थांबते, काच खाली होते आणि आतला माणूस सांगतो, “दादा, तुमची ब्रेकची लाइट लागत नाही.” तुम्ही घरी जाऊन बघता, तर लागते. पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी तेच सांगतो. काळ्या केलेल्या लाइटांचं हे पहिलं लक्षण. बाकीची अशी:

• इंडिकेटर नारिंगी न दिसता तपकिरी दिसतो, रिव्हर्सची पांढरी लाइट मळक्या चहासारखी.
• कडेने रंगाचा पापुद्रा सुटलाय. वॉशिंगला गाडी दिली की त्याचे तुकडे उडतात.
• काचेत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. बोटाला लागत नाहीत, पण तिरकं ऊन पडलं की चमकतात.
• मारलेला काळा रंग दुधाळ, पांढरट झालाय.
• आत वाफ धरते, किंवा तळाला चक्क पाणी साचलंय.
• डिपरचा उजेड घाटातल्या वळणावर पुरत नाही.
• एका बाजूचा इंडिकेटर भराभर टिकटिकतो.

मी कराडला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. लग्नसराईच्या आधी पोरं लाइटांवर ‘स्मोक’ स्प्रे मारतात, आणि पहिला पाऊस झाला की त्याच गाड्या माझ्या दारात उभ्या राहतात. तक्रार दर वेळी वायरिंगची असते आणि दोष बहुतेक वेळा त्या स्प्रेत असतो. पण सगळ्याच वेळी नाही. म्हणून खालच्या क्रमाने बघत जा: आधी फुकटातलं, मग शंभराच्या नोटेतलं, आणि शेवटी ज्याला हात लावायचा नाही ते.

लाइटीच्या पुढच्या भागाला आपण काच म्हणतो, मीही म्हणतोय, पण हल्लीच्या गाड्यांत ती काच नसते, प्लास्टिक असतं. पुढच्या हेडलाइटला पॉलिकार्बोनेट, मागच्या लाइटला बहुतेक गाड्यांत ॲक्रिलिक. दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत, आणि सगळं पुढे त्यावरच येणार आहे.

पहिली तपासणी: उन्हात पन्नास पावलं

खर्च शून्य, माणसं दोन. रात्री नाही, दुपारी करायची. गाडीची पाठ उन्हाकडे करा, म्हणजे ऊन थेट मागच्या लाइटांवर पडेल. एकजण आत बसून आधी पार्किंग लाइट लावेल, मग थांबून थांबून ब्रेक दाबेल. दुसऱ्याने मागे पन्नास पावलं जायचं आणि बघायचं: ब्रेक दाबला तो क्षण कळतो का? मुद्दाम बघितल्यावर दिसतं हे पुरेसं नाही. ज्याचं लक्ष नाही त्याचंही लक्ष वेधलं गेलं पाहिजे.

हे दुपारीच का, ते सांगतो. बल्बवाल्या मागच्या लाइटीत साधारणपणे एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, पार्किंगची ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची. आपण त्याला डबल पॉइंटचा बल्ब म्हणतो. मागच्याला ब्रेक कळतो तो या दोन उजेडांतल्या फरकाने. रात्री अंधार असतो, त्यामुळे काळ्या रंगातूनही तो फरक उठून दिसतो आणि घरच्या गेटसमोर बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. दिवसा मात्र बाहेरचं ऊन काही कमी होत नाही, कमी होतो तो फक्त तुमचा दिवा. वर काळ्या चकचकीत रंगावर आभाळाचं प्रतिबिंब पडतं ते वेगळंच. सिग्नलवरचा माणूस खोटं सांगत नव्हता. त्याला खरंच दिसलं नव्हतं.

ताशी ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. मागच्याला अर्धा सेकंद उशिरा कळलं तर त्याचे ११ मीटर गेले. एवढ्यात दोन गाड्या ओळीने उभ्या राहतात.

दुसरी तपासणी: टॉर्च

ही कोणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

रात्री गाडी बंद करा, सगळ्या लाइटा बंद. दहा-पंधरा पावलं मागे जा आणि मोबाइलचा टॉर्च कपाळाजवळ, डोळ्याच्या शेजारी धरून गाडीवर मारा. मागच्या लाइटीत किंवा खाली बंपरला जो लाल परावर्तक असतो, रिफ्लेक्टर, तो विस्तवासारखा पेटल्यासारखा दिसला पाहिजे. टॉर्च डोळ्याजवळच धरायचा, कारण रिफ्लेक्टर उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. टॉर्च कमरेशी धरलात तर चांगला रिफ्लेक्टरही मंद वाटेल.

स्प्रे मारलेला असेल तर तिथे नुसता काळा डाग दिसेल. हिशेब सोपा आहे. समजा, रंग निम्मा उजेड जाऊ देतो. ब्रेकच्या दिव्याचा उजेड रंगातून एकदाच जातो, रुपयातले आठ आणे बाहेर येतात. रिफ्लेक्टरला मात्र मागच्या गाडीचा उजेड आत जाताना एकदा अडतो आणि परत येताना पुन्हा अडतो. आठ आण्यांचे चार आणे होतात. दोन हात जास्त मारले असतील तर आणाभरही हातात येत नाही.

आणि रिफ्लेक्टर कधी लागतो? गाडी बंद पडल्यावर. बॅटरी उतरलीय, पार्किंग लाइटही लागत नाही, गाडी हायवेच्या कडेला उभी आहे, तेव्हा मागून येणाऱ्या ट्रकला सांगायला तेवढाच एक लाल ठिपका उरतो. आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर ट्रॉल्या असतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि त्यावर आपण सगळेच चिडतो. चिडायलाच हवं. पण गाडीच्या मागच्या लाइटा काळ्या केल्या की अंधारात आपली बंद गाडी आणि ती ट्रॉली यांत फरक राहत नाही.

हे मी इतकं लावून धरतो त्याला कारण आहे. चुलतभावाच्या गाडीला मीच स्प्रे मारून दिला होता. त्याने हौसेने सांगितलं, मी दोन हात मारून दिले, छान दिसत होतं. त्याच पावसाळ्यात खंबाटकी घाट उतरताना पुढची रांग थांबली, त्याने ब्रेक मारला आणि मागून टेम्पो येऊन बसला. डिकी मागच्या सीटपर्यंत आली. सीटवर कोणी नव्हतं. टेम्पोवाला पावसात उभा राहून एकच सांगत होता, “ब्रेक दिसलाच नाय ओ.” मी आठ दिवसांनी ती फुटलेली लाइट हातात घेऊन उन्हात धरली, आणि मला त्यातून माझा स्वतःचा अंगठा दिसेना. तेव्हापासून मी स्प्रे मारून देत नाही, फक्त काढून देतो.

टॉर्चच्या तपासणीत रिफ्लेक्टर काळा आला, तर बाकी सगळं ठीक असलं तरी रंग काढायचाच आहे. खाली बंपरला वेगळा रिफ्लेक्टर असेल आणि तो कोरा असेल तर तेवढा धीर आहे, पण ब्रेकच्या लाइटीचा प्रश्न उरतोच.

तिसरी तपासणी: बल्ब, होल्डर, अर्थिंग

रंगाला दोष देण्याआधी हे बघून घ्या. काळ्या काचेमागे मेलेला बल्ब लपतो. साध्या लाइटीत एक बाजू गेली की मालकाला दोन दिवसांत कळतं. काळ्या लाइटीत महिनामहिना कळत नाही, कारण बंद आणि चालू यांत फारसा फरकच दिसत नसतो.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकत असेल तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय, किंवा कोणीतरी तिथे कमी वॉटचा एलईडी बसवलाय. हा रंगाचा दोष नाही. बल्ब बदला, टिकटिक जागेवर येईल.

बल्ब काढून उजेडात धरा. बल्बच्या आतून काळपट-चंदेरी छटा आली असेल तर तो चालू असला तरी म्हातारा झालाय. डबल पॉइंटचा बल्ब शंभर रुपयांच्या आत येतो, दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. लाल काचेमागे पांढरा एलईडी घालू नका. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग कमी असतो, आणि लाल काच फक्त लालच बाहेर सोडते. त्यामुळे बल्ब हातात धरल्यावर डोळे दिपतात, पण बसवल्यावर उजेड फिका, गुलाबीसर पडतो.

होल्डरमधल्या पत्र्या हिरव्या किंवा काळ्या पडल्या असतील तर बारीक सँडपेपरने घासा. आता अर्थिंग, म्हणजे बल्बमधून गेलेली वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जायची जोडणी. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटतो, किंवा पार्किंग लावल्यावर ब्रेकची लाइट अर्धवट लागते, असं काही उलटसुलट दिसलं की अर्थिंग सुटलंय समजा. वीज परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून घुसते. मल्टिमीटर असेल तर ब्रेक दाबून ठेवा, मीटरचं एक टोक होल्डरच्या अर्थिंगला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला लावा. व्होल्टचे एक-दोन दशांश आले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंगचा बोल्ट खोलून, गंज खरवडून पुन्हा आवळायचा.

अर्ध्या व्होल्टने काय होतं, असं विचारणारे भेटतात. तारेच्या बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड दहा टक्क्यांनी कमी होत नाही, साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. त्यात वरून काळा रंग.

पुढच्या हेडलाइटचा उजेड कमी पडत असेल तर त्याआधी डॅशबोर्डवरचं ते चाक बघा, ज्यावर ० ते ३ आकडे असतात. ते ३ वर असेल तर उजेड खाली, चाकांपुढेच पडतो. डिकीत सामान नसेल तर ते ० वर हवं. हे चाक फिरवून मी कितीतरी जणांना पैसे न घेता परत पाठवलंय.

चौथी तपासणी: वर नेमकं काय मारलंय

काढण्याआधी हे ओळखायचं. कडेला नखाने उचलून बघा. सलग रबरासारखा पापुद्रा येतोय तर ती फिल्म आहे. केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करा, कोपऱ्यातून हळू ओढा, उरलेला गोंद साबणाच्या कोमट पाण्याने चोळून काढा. काम संपलं. इथवर आला असाल तर नशीबवान आहात.

कुरकुरीत तुकडे पडतायत तर तो स्प्रे आहे आणि खाली नीट घासलेलं नव्हतं, म्हणून धरला नाही. असा सुटलेला रंग पॅकिंगची रुंद चिकटपट्टी दाबून बसवून झटक्यात ओढली की बराच निघून येतो. घासायचं काम निम्मं होतं.

दुधाळ झालाय तर तो दमट हवेत मारलाय. स्प्रेमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. जून ते सप्टेंबरात, कोकणात तर बाराही महिने, हे होतं. त्यावर आणखी एक हात मारून काळं करायचा मोह होतो. करू नका, थर जाड होतो आणि उजेड आणखी जातो.

आणि बारीक जाळीदार रेघा असतील, तर आधी ठरवायचं की त्या रंगात आहेत की काचेत. ओल्या बोटाने रेघेवर दाबा. पाण्याने रेघ नाहीशी झाली तर ती वरवरची. पाणी लावूनही आतून चमकत राहिली तर ती प्लास्टिकमध्येच उतरलेली आहे. अशा लाइटीवर पुढचं काम करू नका, घासून ती रेघ जात नाही. नवी लाइट बसवायची.

थिनर नाही

इथे थोडं थांबून सांगतो, कारण नव्या लाइटीचा खर्च सगळ्यात जास्त वेळा इथेच होतो. रंग आहे म्हणजे थिनरने निघेल, हा विचार लोखंडी पत्र्यावर बरोबर आहे. प्लास्टिकवर नाही. साच्यात ओतलेलं प्लास्टिक थंड होताना आतल्या आत ताण धरून बसतं, विशेषतः कोपऱ्यांत आणि स्क्रूच्या भोवती. वरून दिसत नाही. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं पाणी, पेट्रोल यातलं काही लागलं की तो ताण सुटायला लागतो आणि तिथून भेगा फुटतात. कधी पुसता पुसताच, कधी दोन दिवसांनी. एकाने लाइट थिनरमध्ये भिजवलेल्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवली होती. सकाळी रंग निघाला होता, आणि खालची काच गोठलेल्या तळ्यासारखी झाली होती.

ब्रेक ऑइलने रंग निघतो हेही लोक सांगतात. त्याचा एक ओघळ शेजारच्या पत्र्यावर गेला तर गाडीचाच रंग उठतो. टूथपेस्टने पिवळेपणा आठ-पंधरा दिवस कमी दिसतो, काळा स्प्रे निघत नाही. ॲक्रिलिकच्या मागच्या लाइटीला सॅनिटायझरही लावू नका, अल्कोहोलने तिलाही बारीक भेगा जाऊ शकतात. साबणाचं पाणी पुरे.

पाचवं काम: पाण्याने घासून काढणं

घरी करण्यासारखं शेवटचं काम हे. अर्धा दिवस लागतो. लागणारं सामान: वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर, नंबर वाढेल तसा बारीक) १०००, १५००, २००० आणि मिळाला तर ३००० नंबरचा, एक रबरी ठोकळा किंवा जाड स्पंज, बादलीत पाणी आणि त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड (चकाकी आणायची पेस्ट), मऊ फडकी. शक्य असेल तर लाइट गाडीवरून उतरवून घ्या. मागची बहुतेक गाड्यांत दोन-तीन नटबोल्टवर असते. उतरवता येत नसेल तर भोवतीच्या पत्र्यावर टेपचे दोन थर द्या, पेपर एकदा घसरला की पत्र्यावर कायमचा ओरखडा राहतो.

उतरवलेल्या लाइटीच्या मागची बल्बची भोकं टेपने बंद करा. घासलेलं पाणी आत गेलं तर आतली चंदेरी चकाकी मळते, आणि ती पुसता येत नाही. पुसायला गेलं की चकाकीच निघून येते.

१००० चा पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजवा. मग पाणी सोडत सोडत आडवं घासा, जोर लावू नका. पेपरखाली सतत पाणी पाहिजे. आता नजर लाइटीवर नको, ओघळणाऱ्या पाण्यावर ठेवा. आधी ते शाईसारखं काळं येतं. मग राखाडी होतं. वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारलेला असेल तर सुरुवातीला पांढरट येतं आणि काहीच होत नाही असं वाटतं, पण ते तसंच येणार. लाल काच असेल तर एका क्षणी राखाडी पाण्यात गुलाबी झाक दिसते. ती दिसली की त्या जागी हात उचला. तुम्ही काचेपर्यंत पोहोचलात, आता निघतंय ते लाइटीचं अंग. पुढच्या हेडलाइटला हेच पाणी पिवळसर येतं, तो तिचा जुना कंपनीचा थर असतो.

कडांना घाई करू नका. कडेला रंग जाड असतो म्हणून तिथे हात आपोआप जास्त फिरतो आणि काच गोलवट होते.

सगळा काळा गेला की काच मॅट, दह्याच्या पाण्यासारखी धुरकट दिसेल. घाबरू नका. आता १५०० चा पेपर उभा फिरवा, २००० चा पुन्हा आडवा. दर वेळी दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या नंबरचे ओरखडे गेले की नाही ते स्वच्छ कळतं. नंबर बदलताना बादलीतलं पाणीही बदला, १००० चा एक कण २००० च्या पेपरखाली आला की सगळं पुन्हा. ३००० नंतर कंपाउंड घेऊन फडक्याने गोल चोळा. मशीन वापरत असाल तर एका जागी धरू नका, प्लास्टिक तापून वितळतं.

मागची ॲक्रिलिकची लाइट इथे तयार झाली. ॲक्रिलिक उन्हाने सहसा पिवळं पडत नाही, पॉलिश झालं की तसंच वापरायचं.

पुढची हेडलाइट मात्र अर्धीच झालीय. पॉलिकार्बोनेट दगडाने सहसा फुटत नाही, पण उन्हात पिवळं पडतं, म्हणून कंपनी त्यावर उन्हापासून वाचवणारा कडक थर देते. तो तुम्ही आत्ता घासून काढलात. उघडी ठेवली तर आज आरशासारखी दिसणारी काच काही महिन्यांत पुन्हा पिवळी होईल, आधीपेक्षा लवकर. तिच्यावर यूव्ही क्लिअर मारावाच लागतो. बाजारात पुसून लावायचे किट मिळतात, ते थोडे दिवस टिकतात. टिकाऊ काम हार्डनरवाल्या (कडक व्हायला दुसरा द्रव मिसळायचा) क्लिअरने होतं, आणि ते घरी करू नका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवारा श्वासात गेला तर दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून ते अडत नाही. गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकडे बूथ (फवारणीची बंद खोली) आणि योग्य मास्क असेल तर त्याच्याकडून मारून घ्या.

आत वाफ किंवा पाणी

पावसात किंवा धुतल्यावर आत हलकी वाफ आली आणि लाइट लावल्यावर तासा-दोन तासांत गेली, तर काही बिघडलेलं नाही. लाइट पूर्ण बंद डबा नसतो, तिला श्वास घ्यायला मागे छोटी नळी किंवा जाळी असते. थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी हलताना दिसत असेल तर मात्र दोष आहे.

क्रमाने बघा. बल्ब बदलल्यानंतर मागचं रबरी टोपण नीट बसवलं का? पंखावाला एलईडी घातला की ते टोपण बसत नाही, म्हणून लोक काढूनच टाकतात, आणि पाणी तिथूनच जातं. मग श्वासाची नळी बघा: स्प्रे मारताना तिच्यावर रंग किंवा टेप राहिला का? कोणी सिलिकॉन भरून ती बंद केली का? ती बंद झाली की आतली वाफ बाहेर पडायला वाट उरत नाही. रंग खरवडा, टोपण काढून लाइट दोन दिवस उन्हात वाळवा, तोंड खाली करून. तळाला गरम खिळ्याने भोक पाडायचा सल्ला ऐकू नका. त्यातून पाणी जातं तसंच येतंही, आणि धूळ घेऊन येतं.

इथे थांबा

पुढच्यातलं काही दिसलं तर घरचं काम बंद करून वायरमनकडे किंवा कंपनीच्या वर्कशॉपला जा.

होल्डर वितळलाय किंवा वायरीचं वेष्टन करपलंय. नुसता नवा होल्डर घालून भागत नाही, ती वायर इतकी का तापली ते शोधावं लागतं.

पाणी काच आणि मागच्या डब्याच्या जोडातून येतंय. तो जोड तापवून उघडायचा आणि नव्या सीलंटने बसवायचा असतो, घरच्या ओव्हनमध्ये हे करून लाइट वाकडी झालेली मी पाहिलीय.

झेनॉनची हेडलाइट आहे. ती पेटताना वीस हजार व्होल्टच्या वर झटका जातो, तिचं मागचं झाकणसुद्धा उघडू नका.

हेडलाइट काढायला बंपर उतरवावा लागतोय आणि बंपरमध्ये सेन्सर किंवा रडार आहे. किंवा लाइट पूर्ण एलईडी आहे, ज्यात बदलायला बल्बच नाही.

काचेला आरपार तडा आहे. त्यावर रंग, टेप, फेविक्विक काही नको.

कायद्याचं सांगतो, कारण दंड भरून आलेले लोक विचारतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर जो आदेश दिला तो खिडक्यांच्या काचांबद्दल होता. लाइटांचा विषय वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ प्रमाणे मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बल्ब, आतला आरसा आणि काच मिळून एक लाइट पास झालेली असते. त्यातली काच काळी केली की ती पास झालेली लाइट राहत नाही.

कोणी म्हणेल, कंपनीच्याच काही गाड्यांना काळसर लाइटा येतात, त्या कशा चालतात? त्या जवळून बघा. आतली चौकट काळी असते, काच स्वच्छ असते, आणि दिव्याच्या आणि रिफ्लेक्टरच्या वाटेत काळं काहीच नसतं. तसं रूप हवं असेल तर तुमच्या मॉडेलसाठी तशी तयार लाइट येते का ते विचारा, आणि काचेवर मंजुरीची खूण कोरलेली आहे ना ते बघून घ्या.

लाइटा परत बसवल्या की सगळे बल्ब एकदा लावून बघा. हेडलाइट उतरवली असेल तर उजेडाची उंची वर्कशॉपमध्ये मशीनवर लावून घ्या, अंदाजाने स्क्रू फिरवला की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. मग दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीची पाठ पुन्हा उन्हाकडे करा, पन्नास पावलं मागे जा आणि आतल्याला सांगा, ब्रेक दाब. रात्री टॉर्च घेऊन एकदा रिफ्लेक्टर बघा.